पॉइंटनंतर दोन घरं

(सकाळचे साडेसहा. शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर, बोअरच्या पंपघरापाशी साहेबराव. फोनवर त्यांची मुलगी दीक्षा. ती दौंडला पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला आहे.)

दीक्षा : वॉल्व्ह उघडलाय का, एवढंच आधी सांगा आप्पा.

साहेबराव : आगं सात वाजता उघडतो, म्हाईत न्हाई व्हय तुला? आत्ता टाकी भरतीय. बाया हंडे लावून बसल्यात. काय झालं? आवाज का असा येतोय तुझा?

दीक्षा : उघडू नका.

साहेबराव : आं?

दीक्षा : उघडू नका आज. मोटर पण बंद करा. त्या पाण्यात शिसं आहे.

साहेबराव : सकाळी सकाळी डोकं फिरलं का तुझं? त्या पाण्याचा रिपोर्ट मी काचंत घालून भितीला लावलाय. तुझ्याच लॅबचा. खाली सही तुझी. थांब, वाचूनच दावतो. शिसं, शून्य पॉइंट शून्य एक. म्होरं मर्यादा, ती बी शून्य पॉइंट शून्य एक. पिण्यास योग्य. आता बोल.

दीक्षा : तो आकडा मी छाटलाय, आप्पा.

साहेबराव : छाटलाय? कुणाच्या सांगण्यावरनं?

दीक्षा : कुणाच्या नाही हो. रिपोर्ट नीटनेटका दिसावा म्हणून कॉम्प्युटरवर सगळ्या रकान्यांना मी एकच नियम लावला. पॉइंटनंतर दोन घरं, पुढचं राउंड. सगळे आकडे कसे ओळीत बसले. साहेब पण झकास म्हणाले. काल संध्याकाळी मशीनचे जुने कागद फायलीला लावत होते, तर आपल्या बोअरचा कागद हातात आला. मशीननं दिलं होतं, शून्य पॉइंट शून्य एक चार आठ.

साहेबराव : मग शून्य पॉइंट शून्य एकच की ते. म्होरचं चार आठ म्हंजी किस झाड की पत्ती!

दीक्षा : मलाही तसंच वाटलं होतं. मर्यादा एक आणि आपलं जवळजवळ दीड. दीडपट आहे आप्पा ते.

साहेबराव : आगं, पण समद्याला एकच नियम लावला म्हणतीस ना? बाकीचं चुकलं न्हाई, मग ह्याचंच कसं चुकलं?

दीक्षा : नायट्रेट होतं अडतीस पॉइंट दोन सात तीन. त्यातलं शेवटचं तीन गेलं, काय बिघडलं? शिशाचा आकडाच मुळात इवलासा. दोन घरांतलं एक शून्यानंच खाल्लं. उरला एक आकडा, आणि तिथंच मी तोडलं.

साहेबराव : मला कळंल असं सांग.

दीक्षा : उसाच्या ट्रॉलीचं वजन करताना पाच ग्रॅम कुणी बघतं का?

साहेबराव : कोण कशाला बघंल!

दीक्षा : आणि आईच्या कानातली फुलं तोलताना सोनार म्हणाला, पाच ग्रॅम इकडंतिकडं चालतंय, तर?

साहेबराव : मग फुलंच गेली की. समदी मिळून तीन ग्रॅमची न्हाईत ती.

दीक्षा : हेच. बारीक आकड्याला पॉइंटपासून घरं मोजायची नसतात. पुढची शून्यं सोडायची आणि जिथून खरा आकडा सुरू होतो तिथून मोजायची. सिग्निफिकंट फिगर म्हणतात त्याला, कॉलेजात घोकलंय मी. तसे दोन धरले असते तर शून्य पॉइंट शून्य एक पाच आलं असतं. लाल शाईत. पिण्यास अयोग्य.

साहेबराव : काल सांजच्याला कळलं म्हणतीस, मग फोन आत्ता व्हय?

दीक्षा : धीर झाला नाही. दोनदा नंबर लावला आणि कट केला.

साहेबराव : हे बघ, चार महिनं पितोय आमी. कुणाचं पोट सुदिक दुखलं न्हाई. लई तर उकळून पिऊ.

दीक्षा : उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. पोट दुखलं असतं तर बरं झालं असतं, आधीच कळलं असतं. मोठ्यांना काही जाणवत नाही. लहान लेकरांच्या मेंदूवर जातं ते, हळूहळू.

साहेबराव : थांब, तुझी आई आली कळशी घिऊन.

ताईबाई : दीक्षाचा हाय का? लावा मोठ्यानं. काय गं, एवढ्या सकाळी? बरी हायस न्हवं?

दीक्षा : आई, वहिनीची चिमी अंगावरच पिते ना अजून? वरचं पाणी देत नाही ना तिला?

ताईबाई : अंगावर कुठलं! अंकिताला दूध पुरंना. महिना झाला, डब्यातलं देतोय. बोअरचं पाणी खळाखळा उकळायचं, कोमट करायचं आन् त्यात पावडर. मीच करते. का गं?

साहेबराव : ताईबाई, जरा दम धर.

ताईबाई : का गं? काय झालंय?

दीक्षा : त्या पाण्यात शिसं आहे, आई. मी रिपोर्ट चुकीचा दिला.

ताईबाई : आगं बाई... रातच्याला दोन बाटल्या पाजल्या मी तिला.

दीक्षा : आई, मला काल संध्याकाळीच...

ताईबाई : ऱ्हाऊ दे ते. काय व्हतंय तिला, ते सांग.

दीक्षा : काही होईलच असं नाही. पण रक्त तपासायला पाहिजे. आजच तिला शिरूरला लेकरांच्या डॉक्टरकडं न्या. आणि ह्या पाण्याचा एक थेंबही आता नको.

साहेबराव : मोटर बंद केली मी. आता दोघी बी ऐका माझं. दोन वरीस पंचायतीत खेटे घातले ह्या बोअरसाठी. वस्तीत आपलं हक्काचं पाणी पायजे म्हणून. आन् आता मीच सांगू, ह्यात इख हाय? परत मारुतरावाच्या हिरीवर जायचं, 'भरू का' म्हणत?

ताईबाई : तुमी कवा म्हणला व्हता 'भरू का'? पंधरा वरीस मी म्हणलंय. त्यांची मोटर चालू व्हईपतुर बांधावर बसून ऱ्हायलेय.

साहेबराव : म्हणून तर म्हणतोय. दीक्षा, अजून कुणाला ठाव न्हाई ना हे? मग मी सांगतो, मोटर जळाली. आठ दिवस पाणी बंद. पंचायतीचा टँकर मागवतो. तवर तू नवा नमुना घे, नवा रिपोर्ट काढ. तुझं नाव कुठं यायचं न्हाई, नोकरी बी ऱ्हाईल. वस्तीत तोंड वर करून हिंडता यील आपल्याला.

दीक्षा : खरं सांगू आप्पा? 'मोटर जळाली म्हणा' असं सांगायलाच फोन लावला होता मी. तोंडातनं निघालं भलतंच.

साहेबराव : मग ठरलं तर.

ताईबाई : काय ठरलं? मोटर जळाली म्हणल्यावर माणसं काय करतील, सांगा की. घरात भरून ठेवलेलं पाणी जपून जपून वापरतील. कपडं न्हाई धुणार, भांडी राखंनं घासतील. आन् ऱ्हायलेलं पाणी ठेवतील कुणासाठी? लेकरांसाठी. अंगणवाडीत तेजश्रीनं कालच पिंप भरलंय तोंडापतुर. तुमची जळालेली मोटर समदं शिसं पोरांनाच पाजंल.





साहेबराव : बरोबर हाय तुझं. बानूबाई, ओ बानूबाई! हंडं उचला. पाणी सुटणार न्हाई. आन् घरात कालचं भरलेलं हाय ते बी प्यायला घेऊ नका, लेकरांना तर मुळीच देऊ नका. खराब निघालंय. व्हय, रिपोर्टात चूक झाली. आमच्याच पोरीची. तिनंच सांगितलंय आत्ता.

दीक्षा : काय म्हणाल्या त्या?

साहेबराव : काय म्हणायच्यात? रिकामा हंडा उचलून चालल्यात घराकडं. लई वंगाळ वाटतंय गं पोरी. पण जाऊ दे.

ताईबाई : मी जाते मारुतरावाच्या साखरबाईकडं. 'भरू का' न्हाई म्हणणार आता. आमचं पाणी बिघडलंय, टँकर येईपतुर हितनं नेणार, असं सांगणार. तुमी अंगणवाडीचं पिंप वतून या आन् अंकिताला तयार व्हायला सांगा. साडेआठची यष्टी धरायचीय.

दीक्षा : आई, रागावलीस?

ताईबाई : रागावलेय. चिमीचं रक्त तपासलं की मग बोलू आपण.

साहेबराव : गेली ती. दीक्षा, आता एक सांग. असा रिपोर्ट आपल्याच गावाला गेला का?

दीक्षा : नाही. रात्री फायलींचे फोटो बघत बसले होते. आणखी चार निघाले. दोन गावं दौंडकडची, दोन आपल्या तालुक्यातली. साहेब दहाला येतात, आल्या आल्या त्यांना सांगणार आहे.

साहेबराव : त्या चार गावांचं फोन नंबर हायत?

दीक्षा : आहेत. नमुना कुणी आणला त्याचा नंबर रिपोर्टवर असतो.

साहेबराव : मग साहेबाची वाट कशाला बघतीस?

दीक्षा : लॅबला न विचारता मी परस्पर फोन केले तर नोकरी जाईल, आप्पा.

साहेबराव : जाईल. पण तिकडं बी आत्ता कुणी तरी वॉल्व्हवर हात ठिवून उभा आसंल, आन् त्याची पोरगी काय लॅबमदी न्हाई. ठेव फोन. त्यांना लाव.