वन्सं म्हणाल्या, "आय कम"

ऐका. आणि तो मोबाईलचा उजेड बंद करा आधी. भुताची गोष्ट कुणी टॉर्च लावून ऐकतं का? हां. सोनल, तू सरक माझ्याकडे. तुला भीती वाटते म्हणून नाही गं, मला वाटते म्हणून.

तर आमच्या थोरल्या वन्सं. कुमुदवन्सं. ह्यांची मोठी बहीण. उन्हाळ्यात येतात आणि सगळ्या गल्लीला पापड लाटायला बसवतात, त्याच. त्या गेल्या ऑस्ट्रेलियाला, लेकीच्या बाळंतपणाला. मी अजून मिरजेच्या पुढे एकटी गेलेली नाही, आणि वन्सं थेट ऑस्ट्रेलिया!

आता तुम्हाला वाटेल, समुद्र, चकाचक बिल्डिंगा. कुठलं काय! जावई श्रीरंग खाणीवर इंजिनियर. त्यांचं गाव म्हणजे एक रस्ता, एक दुकान आणि एक दारूचा गुत्ता. संपलं गाव. चारी बाजूंना लाल माती. कशी लाल? गेरूचं पोतं फुटावं तशी. झाड नाही, माणूस नाही, कुत्रंसुद्धा भुंकत नाही. वन्सं म्हणतात, "अगं, भर दुपारी आपलाच श्वास ऐकू यायचा. आधी वाटलं, मागे कुणीतरी आहे."

दिवस भरायला अवकाश होता. आणि एका संध्याकाळी लेकीला, ऋजुताला, कळा सुरू झाल्या! तिथे कुठलं हॉस्पिटल? छोटं विमान आलं आणि तिला दूरच्या शहरात घेऊन गेलं. विमानात पेशंट आणि नर्स. तिसऱ्याला जागा नाही. विमान दिसेनासं झालं आणि वन्संनी पदर खोचला.

"जावईबापू, गाडी काढा."

"आई, अंधार पडल्यावर इथे कुणी गाडी काढत नाही. कांगारू आडवे येतात."

"आडवे आले तर हॉर्न वाजवा! पोर तिथे एकटी आहे. तिनं आई म्हणून हाक मारली तर ओ कोण देणार? कांगारू?"

निघाले. ऐका हं, दिवस मावळल्यावर निघाले. सरळ रस्ता. वळण नाही, गाव नाही, समोरून एक गाडी नाही. हेडलाइटच्या पुढे काळोख, मागे काळोख. मधूनच रस्त्याकडेला दोन डोळे चमकायचे. वन्सं विचारायच्या, "कांगारू?" जावई म्हणायचे, "असेल." असेल! 'हो' म्हणत नव्हते.

आणि फाट्! टायर फुटला.

जावई उतरले, जॅक काढला. वन्संनी बघितलं, तर डाव्या हाताला उजेड. जुना पेट्रोल पंप. पंपाची नळी वाळून तडकलेली, पाटीवर अक्षर उरलेलं नाही. पण आत पिवळा दिवा. आता मी असते तर काचा वर करून रामरक्षा म्हटली असती. मधलं विसरले असते, पण म्हटली असती. वन्संना मात्र लागली होती लघवीला. माणसाचं हे असंच असतं बघा, भूत समोर असलं तरी ते काही थांबत नाही. गेल्या तरातरा.

आत एक म्हातारी. गोरी, फुलांचा फ्रॉक, केस विंचरलेले. एकटीच बसलेली, पाहुण्यांची वाट बघत बसावं तशी. टेबलावर कप मांडलेले. एक नाही, दोन नाही, सगळं टेबल कपांनी भरलेलं. म्हातारीनं संडास दाखवला. मग कप पुढे केला. काळा चहा, बिनदुधाचा. वन्सं म्हणाल्या, "नो, थँक्यू." बिनदुधाचा चहा आमच्या वन्सं माहेरीसुद्धा घेत नाहीत. दूध असतं तर प्यायल्या असत्या, आणि मग ही गोष्ट मला सांगायला कुणी उरलंच नसतं!

म्हातारी बोलायला लागली. खाण बंद पडली, गाव उठलं, सगळे गेले. "ऑल सेड, बॅक सून. बॅक सून." लवकर परत येतो म्हणाले सगळे, असं सांगत होती बिचारी. वन्संना काय कळलं? एकच शब्द. सून! त्यांनी मान हलवली, तिचा हात थोपटला. म्हणाल्या, "सेम सेम. सगळीकडे सुना सारख्याच." मला सांगताना हे त्यांनी गाळलं होतं. ते मला जावयांकडून कळलं, त्यांना वन्संनीच गाडीत सांगितलं होतं.

पण हात लागला तेव्हा वन्सं दचकल्या. हात गार. विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा गार. त्या उठल्याच.

आता सांगा, आपल्यात कुणाकडून निघताना काय म्हणतात? येते. 'जाते' कोण म्हणतं? चुकून तोंडून निघालं तर सासूबाई जेवता जेवता हात दाखवून थांबवायच्या, "येते म्हण!" तर वन्संनी तेच म्हटलं. पण इंग्रजीत.

"ओके. आय कम."

म्हातारी उभी राहिली. "यू कम?"

"यस यस. आय कम."

"व्हेन?"

"नाऊ! नाऊ कम." म्हणजे आता निघते, असं त्यांना म्हणायचं होतं हो!

म्हातारी हसली. वन्सं म्हणतात, "तसं हसू मी कुणाचं बघितलं नाही. दात नव्हते, आणि आत तोंडच नव्हतं. नुसता काळोख."

टायर बदलून झाला होता. गाडी सुटली. थोडं गेले असतील, तर डाव्या हाताला उजेड. पंप.

"दुसरा असेल," जावई म्हणाले.

आणखी पुढे गेले. डाव्या हाताला उजेड! पंप! ह्या वेळी पायरीवर एक कप, कपातून वाफ निघतेय. जावयांनी वेग वाढवला. काटा पळतोय, गाडी पळतेय, आणि तो पंप पुन्हा पुढेच! आता म्हातारी दारात. मग पंपापाशी. मग रस्त्याच्या कडेला. दर खेपेला जवळ! आणि मग गाडी आपोआप बंद पडली, बरोबर तिच्यासमोर.

जावई किल्ली फिरवतायत, फिरवतायत. आवाज नाही. हळूच म्हणाले, "आई, निघताना तुम्ही तिला काय म्हणालात?"

"काय म्हणणार? येते म्हटलं."

"मराठीत?"

"मराठी कळणारेय का तिला? आय कम म्हटलं."

"अहो आई! म्हणजे मी तुझ्याकडे येते असं झालं ते! आय गो म्हणायचं असतं!"

"शुभ बोला! पोर तिकडे अडलीय आणि मी तोंडानं जाते म्हणू? मला नाही जमणार!"

जावई काहीतरी म्हणणार होते. तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. डोळे समोर लागलेले. त्यांच्या हातानं पट्टा सोडला, दार उघडलं. एक पाय लाल मातीत टाकला.

"श्रीरंग!" वन्संनी त्यांची कॉलर धरली. आता विचार करा, जावयाची कॉलर! आणि तेवढ्यात पंपाच्या खोलीतून आवाज आला.

"आई... आई गं..."

ऋजुताचा! तस्साच. कण्हल्यासारखा. वन्संचा जीव गोळा झाला. त्यांचाही पाय बाहेर पडला, एक पाऊल, दुसरं पाऊल...

"आई, ये ना. चहा गार होतोय."

वन्सं थबकल्या. कळा देणारी पोर चहाचं बोलेल? आणि बघितलं तर म्हातारी शेजारीच. तो गार हात ह्यांच्या मनगटावर. "यू सेड यू कम."

वन्संना सगळं कळलं. काय म्हणायला हवं तेही कळलं. पण जीभ उचलेना हो! तो शब्द आयुष्यात उच्चारला नव्हता, आणि आज, आजच उच्चारायचा? तो लेकीला जाऊन लागला तर? पण इथेच राहिलो तर तिच्या हाकेला ओ कोण देणार? वन्संनी डोळे मिटले.

"नो कम," म्हणाल्या. "मी येत नाही. आय गो. जाते. जाते मी."

हात सुटला. म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं, खूप वेळ. रागावली नव्हती. कुणीतरी पहिल्यांदाच खरं सांगितल्यासारखी बघत होती. मग वळली, आत गेली. टेबलावरचा एक कप उचलल्याचा आवाज आला. एकच. आणि दिवा विझला.

गाडी सुरू झाली. जावई शुद्धीवर आले, दोघांनी दारं ओढून घेतली. वन्संच्या मनात एकच, तो शब्द. तोंडातून गेला तो कुठे जाऊन पडला असेल? उजाडलं, शहर आलं, हॉस्पिटल आलं. वन्सं धावतच सुटल्या. खोलीचं दार ढकललं. कॉटवर ऋजुता. डोळे मिटलेली, पांढरीफटक. वन्सं तिथेच उभ्या. पुढे जायचं धैर्य होईना.

मग शेजारच्या पाळण्यात काहीतरी कुरकुरलं. ऋजुतानं डोळे उघडले.

"आलीस आई?"

"आले," वन्सं म्हणाल्या. "आले गं बाई, आले." आणि मटकन खालीच बसल्या.

बाळाला घेऊन परतताना त्यांनी दुसरा रस्ता धरला. दुपटीनं लांब. बाळ सबंध वाट रडलं, ऋजुता चिडली, पण जावयांनी गाडी वळवली नाही.

म्हणून सांगते, कधी तिकडे गेलात तर त्या वाटेला जाऊ नका. पासपोर्ट तुमच्यापैकी कुणाकडे नाही हे मला माहितीये, तरी सांगते. मी वन्संना विचारलं होतं, "एवढं तोंडावर सांगितलंत, मग आता सुटली असेल ना ती?"

वन्सं पापड लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"मी एकटीनं सांगितलं गं," म्हणाल्या. "बाकी सगळ्या गावाचे कप अजून मांडलेलेच आहेत."