वाटणीच्या भिंतीत बसवलेले दार

जबाब

नाव: दादा दारवाले (कागदोपत्री नाव वेगळे आहे, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळून बघत नाही). वय: एकसष्ट वर्षे. धंदा: दारे-खिडक्या बनवणे. राहणार: पाण्याच्या टाकीजवळ, दुसरा मजला.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. बाजारामागच्या गल्लीत माझे व माझ्या धाकट्या भावाचे सामाईक दुकान आहे. लाकडाचे काम मी पाहतो, काचेचे तो पाहतो. दाराचा वरचा अर्धा भाग मी मोकळा ठेवतो आणि तो त्यात काच बसवतो. वडील गेल्यापासून हे असेच चालू आहे. धंद्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. वाद झाला तो फुटबॉलवरून.

हवालदारसाहेबांनी, भावाला कोंडून ठेवल्याबद्दल बोला, फुटबॉलचे नंतर पाहू, अशी समज दिली. परंतु फुटबॉल वगळून हे प्रकरण सांगता येत नाही, असे मी नम्रपणे कळवले. त्यांनी पेन पुन्हा उचलले.

आमच्या गल्लीमागे बंद पडलेल्या गिरणीचे मैदान आहे. तेथे पूर्वी आमच्या गल्लीचा संघ खेळत असे. धाकटा त्यात मध्यभागी खेळायचा. संघ मोडल्यावर मैदानात गवत माजले. गिरणीच्या मॅनेजरने गेल्या महिन्यात कळवले की, या रविवारी गोदामवाल्यांशी सामना खेळायला तुमचा संघ उभा राहिला तर मैदान तुमचे, नाहीतर तेथे ट्रक उभे राहतील. संघ नव्याने बांधण्याचे काम गल्लीने आम्हा दोघा भावांवर सोपवले.

मंगळवारी संध्याकाळी दुकानात बैठक झाली. खेळायला तयार असलेले बहुतेक जण हौशे-नवशे-गवशे होते. खरी खेळणारी एकच, ती माझी पुतणी, म्हणजे धाकट्याची मुलगी. ती वायरमनचे काम करते आणि तिला सगळे वायर म्हणतात. तिच्यासारखा पाय आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणाला नाही. तिला कुठे उभे करायचे, एवढाच प्रश्न होता.

माझे म्हणणे असे की, संघ बांधायचा तर गोलकीपरपासून. चौकट आधी उभी राहते, बाकीचे सगळे तिच्या आधाराने लागते. मागचे दार नीट असेल तर घरात चोर शिरत नाही. धाकट्याचे म्हणणे असे की, आधी मधली फळी. मागच्यांकडून बॉल पुढच्यांकडे न्यायला मध्ये कोणी नसेल तर ते काय एकमेकांना पत्र पाठवणार, असे तो म्हणाला. कोणीतरी मध्येच म्हणाले की गोल मारणारे आधी घ्या. यावर हे आधी कळस मग पाया झाले, असे आम्ही दोघे एकदमच म्हणालो. त्या संध्याकाळी आमचे एकमत झाले ते एवढ्यावरच.

बोलता बोलता आवाज वाढले. धाकटा म्हणाला, "दादा, तुला बंद करायचं तेवढंच सुचतं. जन्मभर दारं केलीस, पण एक तरी उघडलंस का?" या वाक्याचा रोख कशावर होता ते मला माहीत आहे. त्याचा फुटबॉलशी संबंध नाही, त्यामुळे जबाबात त्याची गरज नाही. मी म्हणालो, "मग वाटणी करू." तो म्हणाला की वाटणी कशाला, दुसऱ्या शहरातला काच कारखाना त्याला केव्हापासून बोलावतो आहे, रविवारचा सामना खेळून सोमवारी तो निघेल.

त्याने बॅग भरायला घेतल्याचे भावजयीने माझ्या पत्नीला सांगितले आणि पत्नीने मला. जातो तर जाऊ दे, असे मी म्हणालो. त्या रात्री मला जेवण गेले नाही, हे पत्नी सांगेलच, म्हणून मीच सांगून टाकतो.

बुधवारी मी दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली. रागात काम भराभर होते. भिंत उभी राहिल्यावर पाहतो तर तिच्यात दार बसलेले. मी ते ठरवून केलेले नाही. बेचाळीस वर्षे हाताला दुसरे वळणच नाही. दार केले म्हणून बिजागऱ्या आल्या, बिजागऱ्यांमागून कडी आली, आणि कडी माझ्या बाजूने लागली. नंतर लक्षात आले की दुकानाचे शटर माझ्याकडे राहिले आहे आणि धाकट्याच्या वाटणीला मागची खोली व गजांची खिडकी आली आहे. म्हणजे दार नसते तर माझा भाऊ खिडकीतून येजा करणार होता. चुकून का होईना, दार केले ते बरेच झाले.

दाराचा वरचा अर्धा भागही मी सवयीने मोकळाच ठेवला होता. गुरुवारी सकाळी येऊन पाहतो तर त्यात काच बसलेली. आमचे बोलणे बंद होते, त्यामुळे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. माप घ्यायला तो माझ्या बाजूला थांबलाच नव्हता. माझ्या चौकटीचे माप त्याला घ्यावे लागत नाही. काच मात्र त्याने दुधी बसवली होती, म्हणजे पलीकडचा माणूस दिसणार नाही अशी. माझे तोंड पाहायला लागू नये हा त्यामागचा उद्देश असावा.

आज रविवारी सकाळी मी गोलची जाळी व बॉल घेण्यासाठी दुकानात गेलो. शटर उघडेच होते. वायर घाईत उघडे टाकून पुढे गेली असेल, असे मला वाटले. नवे दार आठवडाभर जाता-येता लावून, कडी घालून बघायचे, लाकूड कुठे घासत असेल तर कळते, ही माझी जुनी सवय आहे. त्याप्रमाणे मी दार लावले, कडी घातली, ती अलगद बसली, मला समाधान वाटले. मग शटर ओढून कुलूप लावले आणि मैदानावर गेलो. त्या वेळी धाकटा आत माळ्यावर आपले जुने बूट शोधत होता, हे मला ठाऊक नव्हते. एरवी मी हाक मारली असती. एरवी त्यानेही ओ दिली असती.

धाकट्याचा फोन वायरकडे दिलेल्या पिशवीत होता. त्याने खिडकीतून शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईंना हाक मारली आणि मैदानावर निरोप पाठवायला सांगितले. बाईंनी आठवडाभर आमची भांडणे ऐकली होती. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तर आख्ख्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "निरोप कसले पाठवता, पोलीसच पाठवते." मोठ्या भावाने वाटणीसाठी धाकट्याला डांबले, अशी तक्रार त्यांनी फोनवर दिली. बाईंचा हेतू चांगला होता. त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही.

इकडे सामन्याची वेळ झाली तरी धाकटा आला नाही. मला वाटले, सोमवारची वाट न पाहता तो आजच निघून गेला. वायरला मी माझ्या मताप्रमाणे गोलमध्ये उभे केले आणि आम्ही दहा जणांवर सामना सुरू केला. वायरने अडवायचे तेवढे अडवले. पण ती बॉल पुढे फेकायची, मध्ये घ्यायला कोणी नसायचे, आणि बॉल पुन्हा तिच्याचकडे यायचा. पाहुणा निरोप घेऊन दारातूनच परत फिरावा, तसे चालले होते. अखेर एक गोल झालाच. मी मैदानाच्या कडेला उभा राहून मधल्या मोकळ्या जागेकडे बघत होतो. तेथे कोण हवे होते, हे मला मंगळवारीही माहीत होते.

मध्यंतराला हवालदारसाहेब मोटारसायकलवरून आले आणि दुकानाची चावी कोणाकडे आहे, असे विचारले. तुमचा भाऊ आत कोंडलेला आहे, असे त्यांनी सांगितले तेव्हा मला हसू आले. हसण्याचे कारण त्यांनी नोंदवून घेतले आहे. तो गेलेला नव्हता, हे ते कारण.

आम्ही दुकानात पोचलो. मी शटर वर केले, कडी काढली. धाकटा बूट घालून, नाड्या बांधून काचेच्या पेटीवर बसला होता. मी म्हणालो, "तू आत आहेस हे मला माहीत नव्हतं." त्याने उठून कपडे झटकले. मग विचारले, "स्कोअर काय?"

एक गोल खाल्ला, असे मी सांगितले. मध्ये कोण आहे, असे त्याने विचारले. कोणी नाही, असे मी सांगितले. तो म्हणाला, "तरीच." मंगळवारनंतर आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो.

काच फोडून हात बाहेर घातला असता तर कडी सहज निघाली असती आणि पुढे येऊन शटर तरी वाजवता आले असते, तसे का केले नाही, असे हवालदारसाहेबांनी माझ्यासमोर धाकट्याला विचारले. तो म्हणाला, "काच माझी आहे हो, पण चौकट दादाची आहे. फोडताना ओरखडा आला असता." मी रुमाल काढून चौकटीवरची धूळ पुसली.

त्यानंतर आम्ही तिघे एकाच मोटारसायकलवरून मैदानावर गेलो. तिघे बसल्याची नोंद करू नये अशी मी विनंती केली, ती हवालदारसाहेबांनी मान्य केली नाही.

मैदानावर वायरने हातमोजे काढून माझ्या हातात दिले. म्हणाली, "मोठे काका, गोलकीपर सगळ्यात महत्त्वाचा ना? मग उभे राहा." वास्तविक तिला कुठे खेळायचे आहे ते तिला कोणी विचारले का, असेही ती म्हणाली. ते खरे आहे. तिला आम्ही दोघांनीही विचारले नव्हते. बाप-लेक मध्ये गेले, हौशांपैकी एक जण बाहेर बसला आणि मी गोलमध्ये उभा राहिलो. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. माझ्याकडे बॉल एकदाच आला आणि तो माझ्या पायांमधून गेला. दार म्हणून माझी योग्यता त्यावरून ठरवू नये. बाकीचा वेळ बॉल पलीकडेच होता, कारण धाकटा होता. त्याचे वय बावन्न आहे, पण बॉल त्याच्या पायाला ओळखतो. त्याने दोनदा दिला, वायरने दोनदा मारला. सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला. मॅनेजरने पुढच्या रविवारी जाळी नवी आणा, असे सांगितले.

संघात सगळ्यात महत्त्वाचे कोण, याबद्दल हवालदारसाहेबांनी माझे मत विचारले. माझे मत गोलकीपर हेच आहे. पण आमच्या संघात धाकटा आहे, म्हणून आम्ही मधल्या फळीपासून बांधतो.

भिंतीबाबत विचारले असता मी सांगितले की उद्या सकाळी ती उखडून टाकतो. त्यावर बाकावर बसलेला धाकटा, त्याला कोणी विचारले नसताना, बोलला, "भिंत राहू दे. दार चांगलं झालंय. फक्त माझ्या बाजूनेही एक कडी लाव."

मी विचारले, "कधी?"

तो म्हणाला, "उद्या. दुकान उघडल्यावर."

उद्या सोमवार आहे. मी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहून खात्री केली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. धाकट्याचीही नसल्याचे त्याने वेगळे लिहून दिले आहे. हा जबाब हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला. मी, धाकटा व वायर यांनी तो ऐकला. वाचन चालू असताना धाकटा दोन ठिकाणी हसला, त्यामुळे ती वाक्ये पुन्हा वाचावी लागली. लिहिले आहे ते मी सांगितले तेच आहे, त्यात काही कमी-जास्त नाही. म्हणून सही करत आहे. सही केल्यावर मी कडी घ्यायला बाजारात जाणार आहे, धाकटाही बरोबर येतो म्हणतो.