कॉलरचा पाचवा आठवडा

…बस गं, उभ्याउभ्या माफी मागायला मी काय कोर्ट आहे? ते कापड सरकव नि बस. आणि रडू नकोस, तुझं काही गेलेलं नाही. तुझा माइक चुकून चालू राहिला, एवढंच — एरवी कधी चालू होत नव्हता तो. पहिले दोन महिने दर मंगळवारी शिवणाच्या ऑनलाइन वर्गात मीच सांगायची ना, खालच्या कोपऱ्यातलं बटण दाब, हां, आता बोल? सातही जणींना सांगायची. कुणाचा कॅमेरा छताकडे, कुणाच्या मांडीवर नातू, कुणाची सुईच तुटलेली — चिडले कधी? नाही चिडले. आणि परवा मी कॉलर जोडून दाखवतेय, तुमचे सगळ्यांचे चौकोन काळे, म्हटलं नेट पुरत नसेल — तर तुझ्या चौकोनातून दुसऱ्याच बाईचा आवाज, “झाली कॉलर, आता बाही घ्या.” आणि त्यावर तू हसून म्हणतेस, “आमच्या बाईंची कॉलर पाचव्या आठवड्यात आहे.” मी तास पुरा केला, माहितेय? काळ्या चौकोनांना शिवण दाखवत बसले.

किती दिवस चाललंय हे? महिना? म्हणजे महिनाभर शिकताय तिच्याकडे आणि माझ्याकडे नुसती नावं लावून ठेवताय — का, तर बाईंना वाईट वाटेल. सोडून गेला असतात तर चार दिवस तणतणले असते नि विसरले असते. तुम्ही कीव केलीत.

आता संथ शिकवते, हे खरंय. पण तीस वर्षं कारखान्यात कॉलरीच लावल्यात मी, डोळे मिटून लावीन. मुद्दाम लांबवत होते. कॉलर झाली की बाही, बाही झाली की काजं, आणि काजं झाली की वर्ग संपला — मग मला बाई कोण म्हणणार? तुम्ही म्हणायचात, “बाई, पुन्हा दाखवा ना,” तेव्हा वाटायचं, आपण सगळ्या एकाच घरातल्या… हे तुला कशाला सांगतेय मी.

काय? येत्या मंगळवारी सातही जणी कॅमेरा चालू करून बसणार? बरं. कुणी सुचवलं — तू? मग कोण?

तिने?

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. तिच्या वर्गात माझ्याविषयी बोलणं व्हायचं, आणि ती म्हणाली, जा, बसा थोडा वेळ बाईंजवळ.

ऊठ. जिन्यातला दिवा गेलाय, कठड्याला धरून उतर. दार मी लावून घेते.