पन्नास वर्षं धूर प्यायलेला घोडा

...सात वाजून वीस मिनिटं! मंगळवारी सकाळी बरोबर सात वीसला तो घोडा माळ्यावरनं खाली आला आन् तवापासनं माझा जीव थाऱ्यावर न्हाय, तुम्हाला सांगते! घड्याळ कशाला बघितलं म्हणताल, तर आमच्या सासूबाईंना साडेसातची गाडी धरायची हुती, तेरला, नणंदेला आणायला. जाता जाता त्यांनी घोडा माझ्या हातात दिला. "गायत्री, सोमवारी मल्लेशचं जावळ. आपल्यात घोड्यावर बसल्याबिगर पोराच्या केसाला कात्री लागत न्हाय. माझ्या आईनं हातानं शिवलाय. पाणी लावशील तर बघ! आत भुसा हाय, फुगून फुटंल!"

घोडा कापडाचा, वय पन्नास, आन् सगळा जन्म, आधी सासूबाईंच्या माहेरी आन् मग आमच्यात, चुलीवरच्या माळ्यावर काढलेला! धुराचा वास, त्यात पावसाळ्याचा कुबट वास... म्या नाकाशी नेला आन् डोळ्यांतनं पाणीच! आन् माझं लेकरू, मल्लेश? वरसाचं! आषाढात त्याची छाती अशी वाजायची, जणू आत कुणी पिपाणी फुकतंय. डॉक्टरांनी बजावलं हुतं, "धूर, धूळ, कुबट वास, तिन्ही लांब ठेवा." आन् इथं तिन्ही एकाच घोड्यात, चार पायांवर उभे! पोर त्यावर बसणार, वाकून त्याचा कान चावणार, आन् दम लागला तर? धुवावा तर सासूची भीती, न धुवावा तर लेकराची! करावं काय माणसानं?

दिवसभर उन्हात ठेवला. वास गेला का? कुठला जातोय! ऊन लागल्यावर आत निजलेला धूर उलट जागा झाला. शेजारच्या प्रेमाबाई कुंपणावरनं म्हणल्या, "अगं, कडुलिंबाचा पाला घाल आन् पोत्यात बांध. ज्वारीला कीड लागत न्हाय तसं."

"ओ मावशी, कीड न्हाय, वास हाय!"

"मग? वास काय किडीपरीस मोठा लागून गेला?"

बांधला बाई! वास गेला का? कुठला जातोय! धूर, कुबट आन् वरनं कडू. आमचे हे आले, पोत्यात डोकावले आन् म्हणले, "एवढंच व्हय?" आन् कुणाच्या तरी लग्नात मिळालेली अत्तराची कुपी केली की रिकामी! आता घोडा वरातीला निघाल्यावानी! त्या रात्री लेकरू नुसतं शिंकलं, तर म्या उठून धा बारी त्याच्या छातीला कान लावला.

शेवटी माहेरी, ईटला, आईला फोन केला. आई म्हणली, "रडू नको. धान्याच्या मोठ्या डब्यात खायचा सोडा पसर, वर चाळणी पालथी घाल, तिच्यावर घोडा, आन् झाकण घट्ट. दोन रोज उघडायचं न्हाय. मग मऊ ब्रशनं झाड आन् सावलीत वाऱ्याला टांग." दोन रोज म्या त्या डब्याभवती देवळागत फेऱ्या घातल्या. शनिवारी दुपारी उघडला, झाडला, हुंगला... वास गेला! तुम्हाला सांगते, म्या घोड्याचा मुका घेतला!

आन् तेवढ्यात नणंदेला घेऊन सासूबाई दारात. पिशवी न्हाय ठेवली, चप्पल न्हाय काढली, घोडा उचलून नाकाला लावला. "ह्यो आपला घोडा न्हाय! माझ्या आईच्या चुलीचा वास कुठाय? काय केलंस गं?" आवाज असा कापरा, की म्या सोड्याचा डबा पायानंच मागं सारला. आन् त्यांनी काय करावं? शेगडी पेटवली, ऊद टाकला आन् घोड्याला धरला की धुरावर! पोटाला, पाठीला, शेपटाखाली! "आता कसं! आता वळखीचा वाटतोय." चार दिवसांची मेहनत, चार मिनिटांत!

सोमवारी बसवलं लेकराला. माझा भाऊ रेवणसिद्ध कात्री घेऊन तयार. म्या लेकराचं नाक पदरानं झाकलं, आन् भीतीनं माझाच श्वास कधी अडकला, मला कळलंच न्हाय. पहिली बट पडली तवा श्वास सुटला, आन् घोड्याचा सगळा धूर माझ्याच छातीत! असा ठसका लागला, असा लागला... पोर टाळ्या वाजवतंय, आन् माझे डोळे पांढरे!

"अगं माय! हिला तर दमा हाय!" सासूबाई घाबऱ्या झाल्या. "आन् घोड्याच्या वासानंच उठलाय! बोलायचं न्हाय व्हय गं, येडे?" त्यांनी स्वतःच्या हातानं घोडा डब्यात कोंबला आन् प्रेमाबाईंच्या घरी नेऊन ठेवला. कायमचा! वास गेला का? घोड्यासकट गेला!

पण आता दोन टाइम अडुळशाचा काढा, सासूबाई समोर बसून पाजतात. प्रेमाबाई रस्त्यावरनं वरडतात, "गायत्री, दम कसा हाय?" मला दमा न्हाय हो! पण न्हाय म्हणावं, तर घोडा परत येतोय. तवा एवढं करा, आमच्या भूम गावामधी जो भेटंल त्याला सांगा, गायत्रीला दमा हाय. लई हाय. फकस्त ईटला माझ्या आईला खरं कळवा, सासूबाईंपुढं मला फोनवर बोलता येत न्हाय, आन् रेवण्यानं तिकडं जाऊन 'बहिणीला दमा झाला' म्हणून रडारड केलीय... आन् काढ्यात गूळ चालतो का, तेवढं कुणाला तरी इचारून मला सांगा.