नाव तेच, बाटली दुसरी

तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी दोन मिनिटं उशिरा गेले असते तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. मी संशोधन करते ती लॅब बंद होती, म्हणून मी पार्सल भाईंदरला घरीच मागवलं. रक्त वाढवणारं मानवी प्रोटीन, कृत्रिमरीत्या बनवलेलं, फक्त प्रयोगासाठी. नेमका माझा फ्रिज बिघडला, म्हणून शेजारच्या हंसाबेनना विचारलं. "रख ना बेटा," त्या म्हणाल्या. बाटलीवर चिठ्ठी लावायचं मला सुचलंच नाही.

संध्याकाळी आणायला गेले. हंसाबेनचे मिस्टर महेंद्रभाई डायलिसिसवर आहेत. त्यांना इंजेक्शन द्यायला कंपाउंडर आला होता आणि त्याच्या हातात माझी बाटली! पावडरीत पाणी घालून त्याने सिरिंज भरलीसुद्धा होती.

मी किंचाळलेच, "थांबा! ते माझं आहे!"

"मॅडम, नाव तर तेच आहे," तो म्हणाला.

नाव खरंच तेच होतं. महेंद्रभाईंना तेच प्रोटीन देतात, पण औषध म्हणून तपासलेलं. त्यांची बाटली फ्रिजमध्ये तशीच होती. मी लेबलवरची बारीक ओळ वाचून दाखवली, 'फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.' कंपाउंडरने सिरिंज बाजूला ठेवली. महेंद्रभाईंनी वर केलेली बाही हळूच खाली ओढली.

मी रडवेली होऊन माफी मागत होते. हंसाबेन बाटली निरखत होत्या.

"इधर तो बड़ा-बड़ा ह्यूमन लिखा है," त्या म्हणाल्या. "फिर ह्यूमन को ही क्यों नहीं देने का?"