पाच फुटांची इज्जत

खांब बायकी दिसतो म्हणे! तुम्हीच सांगा, झेंड्याच्या खांबात कसलं आलंय बायकी नि पुरुषी? मी एवढंच म्हणत होते, की आमचं तान्हं पोर, टकर, पोटदुखीनं किंचाळून किंचाळून आत्ता कुठे दुपारचा डोळा लावायला लागलंय, त्याची खिडकी अंगणाकडे, आणि आमच्या नेब्रास्कातला वारा तर... तर दोरी खांबाच्या आतून जाते ना, तसला घे, वाजत नाही. तर नवरा, क्लिंट, म्हणतो, "मिसी, तुला काय कळतंय खांबातलं?"

बरं, खांब हवा कशाला? शेजारच्या एल्रॉयकाकांनी लावला म्हणून. त्यांचा वीस फूट, मग आमच्या क्लिंटला पंचवीस. झेंडा राहिला बाजूला, सगळी पाच फुटांची इज्जत.

दुकानात मी पोर कडेवर घेऊन विचारते, "दादा, वादळात मोडून खिडकीवर पडला तर?" तर तो माझ्याकडे न बघता क्लिंटला म्हणतो, "साहेब, वर सोनेरी गोळा फुकट." झालं, गोळा बघितला नि आमचा माणूस विरघळला. मला काय कळतंय खांबातलं?

खड्डा खणला, काँक्रीट ओतलं. एल्रॉयकाका कुंपणावरून, "क्लिंट, डावीकडे झुकलाय रे." क्लिंट म्हणतो, "काका, तुमची मान झुकलीय." आणि अंधारात झेंडा ठेवायचा तर त्यावर उजेड हवा, म्हणून दिवा लावला. संध्याकाळी झेंडा उतरवायचा कंटाळा, दुसरं काय. उजेड कुठे? सरळ पाळण्यात.

आणि मग ती बाहेरून जाणारी दोरी, वाऱ्यानं खांबावर आपटणारी. ठण, ठण, ठण. पोर झोपलं की ठण. मी दोरीला टॉवेल गुंडाळला, तर म्हणे झेंड्याचा अपमान होतो, सोड. पोराच्या झोपेला कसला मान? मला काय कळतंय खांबातलं?

आणि एक दिवस... दोरी वाजतेय आणि पोर गप्प. मी धावत जाऊन नाकाशी बोट धरलं, तर ढाराढूर. क्लिंट छाती फुगवून फिरला. फिरू दे. दुसऱ्याच दुपारी वारा पडला, ठणठण थांबली, आणि पोरानं जो टाहो फोडला...

तेव्हापासून तुम्हाला सांगते, वारा पडला की हातातला घास टाकून मी अंगणात, दोरी खांबावर आपटत उभी. क्लिंट कामावर. काल एल्रॉयकाकांनी टोपी छातीशी धरली, डोळे पाणावले त्यांचे. म्हणाले, "मिसी, असं देशप्रेम आजकालच्या पोरींत बघायला मिळत नाही गं."

म्हटलं, हळू बोला काका, झोपलंय.