पाऊण दराची सुनावणी

तुम्हीच सांगा, माणसाने विश्वास ठेवायचा कुणावर? पोटच्या पोरीवर? अहो, तीच म्हणाली, "बाबा, फक्त दोन वाक्यं बोला आणि खाली बसा!" आणि हे सांगितलं कुणाला? जन्मभर जनरेटरच्या दुकानात गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक पटवणाऱ्याला! मी दुकानदार माणूस, जीभ ऐकते थोडीच!

तुम्हाला सांगतो, लेक आमची एका संस्थेत, हवामान धोरणात. म्हणजे कशात, ते मलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं. शेजारी विचारायचे, "काय म्हणते पोरगी, पाऊस आहे का?" मी ठोकून द्यायचो, "छत्री असू द्या जवळ!" खरं काम निराळंच. वीज आयोगापुढे भांडायचं! गच्चीवरच्या सोलरची उरलेली वीज कंपनीने कुठल्या दराने घ्यायची? कंपनी म्हणे, आम्ही विकतो त्याच्या अर्ध्या. लेक म्हणे, पुऱ्या. अर्ध्याचा नियम झाला तर सोलर बसवणार कोण? तिची सगळी मेहनत पाण्यात! म्हणून मला साक्षीला नेलं. "जनरेटर विकणाराच सोलर मागतोय म्हटल्यावर वजन पडेल, बाबा."

उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो, बसणार... इतक्यात कंपनीच्या वकिलाने सूर लावला, "आम्हाला नाही हो परवडत!" अगदी पायरी उतरता उतरता गिऱ्हाईक लावतं तस्सा! झालं, निघून गेलं तोंडातून, "बरं, तुमचं नको, आमचं नको, पाऊण दरात तोडून टाका!"

आयोगाच्या अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत, "हे तुमच्या संस्थेचं म्हणणं समजायचं का?" लेक ओरडते, "नाही!" आणि मी म्हणतोय, "घ्या हो बाई, तुमच्याकडून काय जास्त घेणार!" मी दुकानदार माणूस, जीभ ऐकते थोडीच!

"बाबा, तुम्ही धोरण विकलंत!" एवढं बोलून लेकीने अबोला धरला. निकाल लागेपर्यंत! आणि निकाल काय? पाऊण दर! फोनवर हसतेय की रडतेय कळेना... "बाबा, आतली गोष्ट सांगू? आम्ही साठ टक्क्यांवरसुद्धा गप्प बसलो असतो!" म्हटलं, अगं, मग आधी नाही का सांगायचं? उतरायला एवढी जागा आहे म्हटल्यावर मी नव्वदवर अडून बसलो असतो!

पण नियम वर्षभरापुरताच. पुढचं ठरणार तुमच्या-आमच्या गच्चीवरच्या सोलरचे आकडे बघून. आणि त्या सुनावणीला मला बाहेर गाडीत बसवून काचा वर करायचं मायलेकींचं ठरलंय! तेव्हा आकडे फुगवाल तर सावरायला मी नसेन... किती वीज झाली, किती वापरली, कंपनीला किती दिली, हिशोब तेवढा खराखुरा ठेवा, बाबांनो!